पंखा फिरतो, पडदा काळा

दसरा उलटला आणि घराघरांत जळमटं काढायला सुरुवात झाली की कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत कॅबिनेट येऊ लागतात. वर्षभर टेबलाखाली एकाच जागी बसलेला डबा साफसफाईसाठी ओढला जातो, मागच्या वायरी उपटल्या जातात, कुणी जाळीतून व्हॅक्युम क्लीनर फिरवतं, कुणी ओलं फडकं. खंडेनवमीला याच डब्याला हळदकुंकू लागलेलं असतं, झेंडूची फुलं वाहिलेली असतात. चार अक्षता वरच्या जाळीतून आत गेल्या तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मग सगळं पुन्हा जोडून बटण दाबलं जातं. दिवा लागतो, पंखा फिरतो आणि मॉनिटर काळाठिक्कर. क्षणभर 'नो सिग्नल' अशी पाटी दिसते, तीही विझते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की तालुक्याच्या एसटी स्टँडमागचं एका शटरचं दुकान, तक्रार सगळीकडे एकाच वाक्यात सांगितली जाते : 'चालू होतो, पण डिस्प्ले येत नाही.'

दुकानदार जाणता असेल तर लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलत नाही. आधी विचारतो. कालपर्यंत चालत होता का? जागेवरून हलवला का? मधे वीज गेली-आली का? आत नवीन काही बसवलं का? बीप वाजतो का? मॉनिटर दुसऱ्या मशीनला लावून पाहिला का? या प्रश्नांच्या उत्तरांतच निम्मा निकाल लागलेला असतो, कारण हलवल्यावर बंद पडलेलं मशीन, विजेच्या झटक्यानंतर बंद पडलेलं मशीन आणि नवा प्रोसेसर बसवल्यावर बंद पडलेलं मशीन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पडदा मात्र तिन्हींत सारखाच काळा.

अजून एक प्रश्न असतो आणि तो सर्वांत महत्त्वाचा. काहीच दिसत नाही, की कंपनीचा लोगो दिसून मग काळं होतं? लोगो दिसत असेल तर मशीनचं हाडमांस बहुतेक ठीक आहे. गडबड विंडोजमध्ये, ड्रायव्हरमध्ये किंवा डिस्कमध्ये असते. तो वेगळा आजार, त्याचा इलाज वेगळा. इथे चाललेली गोष्ट आहे ती सुरुवातीपासूनच अंधार असणाऱ्या मशीनची.

बटण दाबल्यापासून पहिलं अक्षर उमटेपर्यंत आत काय होतं, हे समजल्याशिवाय या दुखण्याचा थांग लागत नाही. बटण दाबताच मदरबोर्ड एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पत्र्याच्या पेटीला, इशारा देतो. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या धारा सुरू करतो, त्या स्थिरावल्या की 'पॉवर गुड' नावाचा संकेत परत पाठवतो. प्रमाणानुसार धारा स्थिरावल्यापासून १०० ते ५०० मिलिसेकंदांत तो यायला हवा. तो संकेत मिळेपर्यंत प्रोसेसर अडवून ठेवलेला असतो. सुटका झाली की तो एका ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तिथे बायोसच्या, म्हणजे मशीन उठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, चिपमधली पहिली आज्ञा वाचतो. गंमत अशी की या क्षणी मशीनला रॅमचा पत्ताच नसतो. रॅम किती आहे, कुठल्या वेगाची आहे, हे रॅमच्या पट्टीवरच्या एका इवल्याशा चिपमध्ये लिहिलेलं असतं. ते वाचून रॅम तयार करावी लागते, आणि तोवर प्रोसेसर स्वतःच्या पोटातल्या कॅश नावाच्या छोट्याशा मेमरीवर दिवस काढतो. रॅम उठली की इतर उपकरणांची हजेरी, मग ग्राफिक्स, आणि त्यानंतर कुठे मॉनिटरवर चित्र. चित्र हे असं शेवटच्या पंगतीला बसतं. आधीच्या कुठल्याही पंगतीत खोळंबा झाला की त्याच्या पानात काही पडत नाही, आणि दोष मात्र बिचाऱ्या मॉनिटरला दिला जातो.

पडदा उजळायच्या आधीच मशीन अडकलं तर त्याने माणसाला सांगायचं कसं, हा प्रश्न पर्सनल कॉम्प्युटरच्या जन्मापासूनचा. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने ५१५० हा पीसी बाजारात आणला. त्याच्या बायोसमध्ये स्वतःची तपासणी करणारा कार्यक्रम होता, 'पोस्ट' म्हणजे पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट. सगळं ठीक असेल तर एक छोटा बीप. एक लांब आणि दोन छोटे बीप म्हणजे डिस्प्लेच्या कार्डात दोष. पडदा चालत असेल तर आकडे : २०१ म्हणजे मेमरी, ३०१ म्हणजे कीबोर्ड, ६०१ म्हणजे फ्लॉपी. ही तपासणी वेळखाऊ होती. फ्लोरिडातल्या बोका रेटन इथे हे मशीन घडवणाऱ्या चमूत डेव्हिड ब्रॅडली नावाचे इंजिनिअर होते. प्रोग्रॅम अडकला की मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं आणि दर वेळी मेमरीची तपासणी संपेपर्यंत ताटकळायचं, यावर उपाय म्हणून त्यांनी एकदम तीन बटणं दाबून ती तपासणी वगळायची सोय केली. जगभर वैतागलेली बोटं आज जिथे जातात ते कंट्रोल-ऑल्ट-डिलीट हेच.

पुढे बायोस बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापली बीपची भाषा बनवली. जुन्या एएमआय बायोसमध्ये तीन बीप म्हणजे मेमरी, आठ म्हणजे डिस्प्लेची मेमरी. जुन्या मिस्त्रींना हे पाढ्यासारखं पाठ असे. आता पंचाईत अशी की बीप देणारा तो छोटासा स्पीकरच कॅबिनेटमधून गायब झाला. बोर्डवर त्याच्या चार पिना अजून असतात, पण त्यांवर काही लावलेलं नसतं. चार पैसे वाचवण्यासाठी मशीनची वाचा काढून घेणं हा शुद्ध करंटेपणा आहे. बऱ्या किमतीच्या बोर्डांवर त्याऐवजी चार बारीक दिवे येतात : सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. तपासणी जिथे अडते तो दिवा लागून राहतो. घरात डबा उघडून काहीही करण्याआधी हे दिवे शोधावेत. ज्या बोर्डावर दिवेही नाहीत त्यासाठी दुकानांत काही शे रुपयांचं डिबग कार्ड असतं. बायोस तपासणीच्या प्रत्येक टप्प्यावर ८० क्रमांकाच्या पोर्टवर एक खूण लिहीत जातो. हे कार्ड ती खूण दोन अंकी आकड्यात दाखवतं. अलीकडच्या एएमआय बायोसमध्ये ५५ वर अडलं तर मेमरी बसलेली नाही, डी६ वर अडलं तर चित्र पाठवायला जागाच सापडलेली नाही. आकडा हललाच नाही, ०० किंवा एफएफ तसाच राहिला, तर बहुधा प्रोसेसरने पहिली आज्ञाही वाचलेली नाही. इथून पुढे बोर्ड, प्रोसेसर आणि वीज यांच्यावर संशय.

आता टेबलावर.

कॅबिनेट आडवं ठेवलेलं, वीज मागून काढलेली. मिस्त्री वायर काढल्यावरही बटण एकदा दाबून धरतो, म्हणजे आत साठलेली उरलीसुरली वीज निघून जाते. बाजूचा पत्रा सरकवला की धुळीचा थर दिसतो, प्रोसेसरच्या पंख्यावर तर नमदाच. ब्लोअरचा झोत मारताना तो पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवतो. मोकळं सोडलं तर ते भन्नाट वेगाने फिरून खराब होतं. मग रॅमच्या पट्टीच्या टोकांचे लॉक दाबतो, पट्टी वर उचकटते. खालच्या कडेला सोनेरी दाते असतात, डीडीआर४च्या पट्टीवर २८८. सोनं गंजत नाही, पण दात्यांवर घामाचं बोट लागतं, धूळ बसते, कोकणात खारी हवा असते, आणि स्लॉटमधल्या स्प्रिंगशी होणारा स्पर्श कुठेतरी कच्चा पडतो. मिस्त्री खिशातून पांढरा खोडरबर काढतो, तोच शाळेतला, आणि दाते एकाच दिशेने हलकेच पुसतो. भुगा झटकतो. ब्रशने स्लॉट साफ करतो. पट्टी खाचेशी जुळवून दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबतो. एका बाजूला 'टक', मग दुसऱ्या बाजूला 'टक'. मॉनिटर जोडून बटण. पुष्कळदा एवढ्यावरच लोगो झळकतो.

खोडरबराला नाकं मुरडणारे इंजिनिअर असतात आणि त्यांचंही अगदी चूक नाही. शाई खोडायचा खरखरीत रबर वापरला तर सोन्याचा तलम मुलामा घासला जातो, आणि स्लॉटमध्ये राहिलेला रबराचा कण नवीच भानगड करतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं फडकं केव्हाही बरं. पण ते तालुक्याच्या गावात मिळेलच असं नाही, आणि मऊ रबर हलक्या हाताने वापरला तर काम भागतं. शिवाय निम्मा गुण रबराचा नसून पट्टी काढून पुन्हा नीट बसवण्याचा असतो. घरी हे करणाऱ्यांनी स्लॉटचा हिशेबही पाहावा : चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर एकच पट्टी असेल तर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवायची असते, आणि दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या.

रॅमने गुण आला नाही की मिस्त्री उलट्या दिशेने निघतो. हार्ड डिस्क काढ, डीव्हीडी काढ, पुढचे यूएसबी काढ, ग्राफिक्स कार्ड काढ, शेवटी बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढंच उरतं. तेही जमलं नाही तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवतो. कारण कित्येकदा बोर्डाखाली घरंगळलेला एखादा स्क्रू किंवा चुकीच्या भोकाखाली राहिलेला पितळी स्टँड मागच्या बाजूने शॉर्ट करत असतो. बाहेर काढल्यावर डिस्प्ले आला तर गुन्हेगार कॅबिनेटमध्ये सापडतो. आला नाही तर टेस्टिंगचे भाग एकेक करून लागतात : दुकानातली चालू रॅम, चालू एसएमपीएस, चालू कार्ड. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलणारा मिस्त्री मशीन चालू करून देईल, पण काय बिघडलं होतं ते त्याला कधीच कळणार नाही, आणि गिऱ्हाइकाचा एक चांगला भाग बिलात चढेल.

नव्याने मशीन जुळवणाऱ्या कॉलेजच्या पोरांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या मशीनमध्ये बिघाड नसतोच, जोडणी चुकलेली असते. कार्ड बसवलेलं, पण मॉनिटरची एचडीएमआय वायर मदरबोर्डच्या भोकात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावामागे 'एफ' आहे त्यांत ग्राफिक्स नसतंच. एएमडी रायझनच्या ३६०० किंवा ५६०० सारख्या प्रोसेसरांतही नाही. २०२२ साली ७००० मालिका आली तेव्हापासून बहुतेकांत थोडंफार दिलं जाऊ लागलं. अशा प्रोसेसरवर बोर्डाचं भोक नुसतं शोभेचं. दुसरी चूक विजेची. २००० साली पेंटियम ४ सोबत प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची चार पिनांची वेगळी वायर आली. बोर्डाची मोठी वायर लावली आणि ही विसरली की पंखे मजेत फिरतात, दिवे लागतात आणि प्रोसेसर उपाशी. तिसरी बायोसची : नवा प्रोसेसर, जुना बोर्ड, आणि बोर्डातल्या बायोसला या प्रोसेसरची ओळखच नाही. बायोस अपडेट करायला मशीन चालू हवं आणि मशीन चालू व्हायला अपडेट हवं. २०१८ साली एएमडीच्या नव्या प्रोसेसरांच्या बाबतीत हा पेच इतक्या जणांना पडला की कंपनीने गिऱ्हाइकांना तात्पुरता जुना प्रोसेसर उसना पाठवायची सोय केली. आता काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय पेन ड्राइव्हवरून बायोस घेणारं बटण असतं. बोर्ड घेताना ते आहे का, हे विचारून घ्यावं.

आणि चौथी चूक उतावळेपणाची. डीडीआर५ रॅमचं नवं मशीन पहिल्यांदा चालू होताना रॅमच्या प्रत्येक तारेचं वेळापत्रक जुळवत बसतं. मोठ्या रॅमला याला काही मिनिटंही लागतात. तेवढा वेळ पडदा काळा. घाबरून बटण दाबून बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. अशा मशीनला चहा पिऊन येईपर्यंत हात लावू नये.

'पंखा फिरतोय म्हणजे सप्लाय ठीक' हा दुकानातही ऐकू येणारा गैरसमज. पंख्याला १२ व्होल्ट लागतात आणि ते थोडे कमी असले तरी तो फिरतो. प्रोसेसरला तसं चालत नाही. प्रमाणानुसार १२ व्होल्टची धारा ११.४ ते १२.६ मध्ये, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये राहायला हवी. एसएमपीएस सुटा तपासायचा तर मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरशी तारेच्या तुकड्याने जोडतात. तो सुरू होतो आणि मल्टिमीटरने व्होल्ट मोजता येतात. अर्थात तिथे ठीक दिसलेला एसएमपीएस भार पडल्यावर मान टाकू शकतो, म्हणून शेवटी दुसरा लावून पाहणं हीच खरी परीक्षा. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत वीज दिवसातून अनेकदा जाई-येई, आणि अर्थिंगच्या नावाने बोंब असलेल्या गावांत एसएमपीएसनी किती मार खाल्ला असेल याची कल्पना केलेली बरी. पावसाळ्यात उबेला पाल आत शिरते आणि स्वतःसह एसएमपीएसला घेऊन जाते. एक सांगणं मात्र निक्षून : एसएमपीएसची पेटी घरी उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठलेली असते आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ राहते.

कपॅसिटरवरून आठवण होते ती या शतकाच्या सुरुवातीची. बोर्डावर प्रोसेसरभोवती उभ्या असलेल्या छोट्या नळकांड्या फुगू लागल्या, डोक्यावरच्या खाचेतून तपकिरी द्रव बाहेर आला आणि जगभर लाखो मशीन काळी पडली. जपानी कंपनीच्या द्रावणाचं सूत्र चोरून तैवानमध्ये नेलं गेलं, तेही अर्धवट, अशी कहाणी त्या काळी छापून आली. चटकदार आहे, पण तिने सगळा उलगडा होत नाही. सर्वांत गाजलेलं प्रकरण डेल कंपनीच्या ऑप्टिप्लेक्स मशीनचं, आणि त्यांतले कपॅसिटर निचिकॉन या नामवंत जपानी कंपनीचे होते. मे २००३ ते जुलै २००५ या काळात डेलने अशी धोका असलेली किमान १ कोटी १८ लाख मशीन विकली. दुरुस्ती आणि बदलीसाठी कंपनीला ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. अमेरिकेतल्या एका गिऱ्हाईक कंपनीने २००७ साली खटला भरला आणि २०१० मध्ये त्यातली कागदपत्रं उघड झाली, तेव्हा कळलं की बोर्ड खराब आहेत असं सुचवणारी भाषाच वापरू नका, अशा सूचना आतून दिल्या जात होत्या. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या गणित विभागाने मशीन बंद पडतात अशी तक्रार केली, तर त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही मशीनला फार अवघड गणितं घालता. यावर कडी म्हणजे डेलची बाजू कोर्टात मांडणाऱ्या वकिलांच्या फर्मकडेही अशी सुमारे हजार मशीन होती आणि तीही बदलून द्यायला कंपनीने का-कू केलं होतं. 'तुमच्या वापरात दोष आहे' असं ऐकवलं गेलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाने हे प्रकरण ध्यानात ठेवावं.

लॅमिंग्टन रोडच्या मिस्त्रींना मात्र या रोगाने बरेच दिवस काम पुरवलं. फुगलेले कपॅसिटर उपटायचे, त्याच मापाचे नवे सोल्डर करायचे, धन-ऋण टोक उलटं होऊ द्यायचं नाही. काही रुपयांचे भाग आणि तासाभराची मेहनत. फेकायला निघालेला बोर्ड पुढे वर्षानुवर्षं चाले. नंतरच्या बोर्डांवर घट्ट पॉलिमरचे कपॅसिटर आले आणि हा रोग ओसरला, पण एसएमपीएसच्या पोटात तो अजून भेटतो.

त्याआधीचा एक दिवस जुन्या लोकांच्या चांगला लक्षात आहे : २६ एप्रिल १९९९. त्या दिवशी जगभर मशीन चालू केली गेली आणि काही वेळात मेली. पुन्हा चालू केली तर काहीच नाही, लोगो नाही, बीप नाही. हे 'सीआयएच' व्हायरसचं काम. तैपेईतल्या तातुंग संस्थेत शिकणाऱ्या चेन इंग-हाऊ याने तो लिहिला होता. नावातली आद्याक्षरं त्याचीच. चेर्नोबिलच्या अपघाताची तारीख हीच, म्हणून तो चेर्नोबिल व्हायरस या नावानेही गाजला. विंडोज ९५ आणि ९८ च्या फायलींतल्या रिकाम्या फटींत तो तुकड्यातुकड्याने शिरायचा, त्यामुळे फायलीचा आकार वाढत नसे आणि संशय येत नसे. चोरट्या सीडींवरून तो पसरलाच, पण आयबीएमच्या काही नव्या ॲप्टिव्हा मशीनमध्येही तो कारखान्यातूनच आला होता. ठरल्या दिवशी तो हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि जमलं तर बायोसच्या चिपवर कचरा लिहायचा. तोवर व्हायरस म्हणजे फायली खाणारा किडा अशीच समजूत होती. प्रोग्रॅमने मशीनच बंद पाडल्याचं एवढ्या मोठ्या प्रमाणावर लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. भारतालाही त्याचा फटका बसला. तैवानमध्ये सुरुवातीला तक्रार करायला कुणी पुढे न आल्याने चेनवर खटला उभा राहू शकला नाही.

मेलेला बायोस जिवंत करायची युक्ती जी मिस्त्रींनी काढली ती छाती दडपवणारी होती. त्या काळी बायोसची चिप खोबणीत बसवलेली असे. त्याच मॉडेलचा दुसरा, चालू बोर्ड सुरू करायचा. मशीन डॉसमध्ये पोहोचलं की बायोसचं काम तात्पुरतं संपलेलं असतं. मग चालू विजेवर त्याची बायोस चिप अलगद उपटायची, मेलेली चिप त्या जागी बसवायची आणि तिच्यावर बायोस लिहायचा. हात थरथरला तर दोन्ही बोर्ड गेले. आज बायोस आठ पायांच्या टिकलीएवढ्या चिपमध्ये असतो. चिमटा लावून स्वस्तातल्या प्रोग्रॅमरने तो बाहेरून लिहिता येतो. त्याला दुकानात 'बायोस मारणे' म्हणतात. अपडेट चालू असताना वीज गेलेली मशीन याच वाटेने परत येतात.

सगळेच इलाज इतके सचोटीचे नसतात. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या तिच्या काही ग्राफिक्स चिपांच्या बांधणीत दोष आहे आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरचा खर्च धरला आहे. चिप तापते, निवते, पुन्हा तापते, आणि आतले सूक्ष्म सांधे तडकतात, चित्र जातं. यावर हॉट एअरने 'हीट मारायची' टूम निघाली. गरम केल्यावर तडकलेले सांधे काही काळ जुळतात, डिस्प्ले येतो, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. पण दोष चिपच्या आत असतो, बोर्डाच्या सांध्यात नाही, त्यामुळे काही दिवसांत पुन्हा अंधार. हे सांगून केलं तर तात्पुरती सोय आहे, न सांगता केलं तर फसवणूक आहे. डेस्कटॉपच्या कार्डांवरही हा प्रयोग होतो. हीट मारलेल्या कार्डावर गॅरंटी मागितली की खरं काय ते कळतं.

सेकंडहँड बाजारातही जपून. क्रिप्टो चलनाच्या उत्खननासाठी वापरलेली कार्डं, विशेषतः सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं उत्खनन थांबल्यावर, ढिगाने बाजारात आली. त्यांतल्या काहींचा बायोस बदललेला असतो आणि ती चित्रच देत नाहीत. पी१०६ नावाची एनव्हिडियाची कार्डं तर खास उत्खननासाठीच बनलेली. त्यांना मॉनिटर लावायचं भोकच नसतं. स्वस्तात मिळालं म्हणून घरी आणलं आणि मागची पट्टी कोरी पाहून डोक्याला हात लावला, असंही होतं.

मग 'बोर्ड गेला' हे खरं कधी? प्रोसेसरच्या खोबणीतल्या पिना वाकलेल्या असतात तेव्हा. इंटेलने २००४ मध्ये पिना प्रोसेसरवरून बोर्डावर आणल्या, तेव्हापासून प्रोसेसर काढताना जरा हात घसरला की बोर्ड जायबंदी होतो. विजेचे भाग जळून काळे पडलेले असतात तेव्हा. किंवा सगळे भाग दुसऱ्या बोर्डावर चालतात आणि याच्यावर चालत नाहीत, हे डोळ्यांसमोर दाखवलं जातं तेव्हा. त्याआधी नाही. नाण्याएवढा सीआर२०३२ सेलही बदलून पाहिलेला असायला हवा. तीन व्होल्टचा हा सेल उतरलेला असला की काही जुने बोर्ड विचित्र वागतात, आणि तो काढून काही मिनिटांनी परत लावला की बायोसमध्ये कुणी केलेली वेडीवाकडी सेटिंगही पुसली जातात. एवढं न करता पाच मिनिटांत 'बोर्ड गेला, नवीनच घ्या' म्हणणाऱ्याकडून डबा उचलावा आणि शेजारच्या दुकानात जावं.

जाताना दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. बदललेला प्रत्येक जुना भाग परत हवा, हे आधीच बोलून घ्यावं. दुसरी गोष्ट डेटाची. हार्ड डिस्क किंवा एसएसडी वाचायची पाळी येते ती चित्र दिसल्यानंतर. शॉर्ट झालेली डिस्क क्वचित मशीन अडवते, पण मग ती नुसती काढली की डिस्प्ले येतो. ज्या मशीनवर लोगोसुद्धा दिसत नाही तिथे 'विंडोज मारावं लागेल, डिस्क फॉरमॅट होईल' असं कुणी म्हणालं तर त्याला एक तर काम येत नाही किंवा त्याला दुसरंच काही हवं आहे. घरातले फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, सोसायटीचे हिशेब, टॅलीचा डेटा त्या डिस्कवर असतो. डबा दुकानात ठेवून यायचा असेल तर दोन वायरी आणि चार स्क्रू काढून डिस्क घरी घेऊन या. डिस्प्ले आणायला ती लागत नाही.